देवी काढायची पेटी

स्वतःच्या मुलीला भेटायला मी तिकीट काढलं. मोबाईलवर नाव, वय, पत्ता, मागच्या महिन्यात ताप आला होता का, घरात कोण खोकतंय का, सगळं भरलं. ‘येण्याचे कारण’ असं विचारलं होतं, तिथं ‘मुलगी बघायला’ असं लिहिलं तर ते मेलं अ‍ॅप लाल झालं. ‘प्रदर्शन बघायला’ लिहिल्यावर गपगुमान हिरवं झालं. म्हणजे जुनीपुराणी भांडी बघायला यायचं चालतं, पोटच्या पोरीला बघायला नाही. मी मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि पैसे भरले.

मी उज्ज्वला शेटे. वडगावच्या स्टँडमागं ‘उज्ज्वल ब्युटी पार्लर’ आहे ते माझं. आहे म्हणजे होतं. साथ आल्यापासून दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचे सगळे धंदे सरकारनं बंद करून टाकलेत. शाल्मली माझी एकुलती एक. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून आम्ही दोघीच. ती वडगावच्या नगर संग्रहालयात काम करते. संग्रहालय म्हणून फार काही डोळ्यांपुढं आणू नका. जुन्या जकात नाक्याची इमारत, त्यात एक दालन, दालनाच्या टोकाला शाल्मलीची काचेची केबिन आणि केबिनच्या मागं एक खोली.

ती त्या खोलीतच राहायची. साथीचा नियमच तसा होता. सार्वजनिक जागी काम करणाऱ्यानं एक तर कामाच्या जागी मुक्काम ठोकायचा, नाहीतर घरी बसायचं. रोजची ये-जा बंद. आमच्या बाईसाहेबांनी मुक्काम निवडला. चैत्रात बॅग घेऊन गेली ती गेलीच. मी पुष्कळ डोकं आपटलं. “आई, मी नसले तर ते कायमचं बंद करतील गं,” एवढं एकच तिचं उत्तर. शेवटी घटस्थापनेच्या दिवशी संग्रहालय पुन्हा उघडायचं ठरलं, एका वेळी एक प्रेक्षक या अटीवर. पहिलं तिकीट मी काढलं.

दारात तुपे वॉचमन होता. याच्या बायकोच्या भुवया वर्षानुवर्षं मी कोरल्या, पण आज गडी ओळख दाखवेना. कपाळाला ताप मोजायचं यंत्र लावलं, पायांत कागदी पिशव्या चढवल्या, तळहातांवर फवारा मारला.

“नियम सांगतो, वहिनी. कशाला हात लावायचा नाही. पिवळ्या गोलातच उभं राहायचं. मोठ्यानं बोलायचं नाही. शिंक आली तर...”

“शिंक आली तर तुम्हाला विचारून देईन. दार उघडा, तुपे.”

आत गेले तर दालनभर फरशीवर पिवळे गोल. सगळ्या वस्तू काचेआड, काचांच्या कडा रबरी चिकटपट्टीनं बंद. आणि टोकाला, स्वतःही एक वस्तू असल्यासारखी काचेआड उभी माझी पोरगी. तिच्या केबिनची हवासुद्धा वेगळी होती, छतातून स्वतंत्र नळी. आमचं बोलणं माईकवरून.

“आई, गोलात उभी राहा ना.”

“का? गोलाबाहेर विंचू सोडलेत?”

ती हसली. पण मला ती काही बरी दिसेना. “चेहरा बघ काय झालाय. ओढल्यासारखा. जेवतेस का वेळेवर?”

“उघडायची धावपळ होती गं. परवापासून जरा कणकण आहे, पाठ दुखतेय. साथीची चाचणी केली, निगेटिव्ह आहे. गोळी घेतली.”

“मला फोन करायला काय झालं होतं?”

“हे बघ, तू सुरू होणार म्हणूनच नाही केला. चल, तुला आपला हवावाचक दाखवते.”

केबिनच्या भिंतीवर मोठ्या कुकरएवढा एक डबा होता, त्याला दोन नळ्या. एक तिच्या केबिनमध्ये, एक बाहेर दालनात. तो तिनं आज सकाळीच बसवला होता. तो नसता तर उघडायची परवानगीच मिळाली नसती, असं ती म्हणाली.

“हवेत आपण सगळे सारखं काहीबाही सांडत असतो, आई. श्वासातून, कातडीवरून, कपड्यांवरून. हे यंत्र ती हवा ओढतं, त्यातले कण पातळ पडद्यावर धरतं, फोडतं, आणि आतला डीएनएचा धागा एका बारीक भोकातून ओवून घेतं. धागा जाताना त्यावरचं एकेक अक्षर वाचतं. पूर्वी कुठला रोग शोधायचाय ते आधी ठरवावं लागायचं, मग त्या रोगाची चाचणी. याला काही ठरवावं लागत नाही. जगातल्या ओळखीच्या सगळ्या जंतूंची अक्षरं याच्यापाशी आहेत. जे जुळेल त्याचं नाव सांगून टाकतं.”

“म्हणजे कुणाला काय झालंय ते सांगणाऱ्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांची गरज संपली,” मी म्हटलं. “बरं, आता तुझं प्रदर्शन दाखव. पैसे भरलेत मी.”

मी गोलागोलानं पुढं सरकले. जकातीची पितळी मापं, गावातला पहिला टेलिफोन, कुणाची तरी पानाची तबकं. ती माईकवरून सांगत होती आणि आवाजात असा आनंद होता, की माझा निम्मा राग तिथंच उतरला. चांगलं केलं होतं तिनं सगळं. हे मी तिला सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

शेवटच्या गोलासमोर भिंतीवर देवी काढलेली होती. आमच्या भागात नवरात्रात बायका भिंतीवर काव कालवून देवी काढतात. हल्ली छापील कागद चिकटवतात, पण माझ्या लहानपणी हातानंच काढायच्या. ही तशीच होती. तांबूस तपकिरी रंग, बारीक रेघा, अठरा हात, वर मोठी काच लावून बंद केलेली. शेजारी छोट्या काचेच्या पेटीत एक पत्र्याचा डबा.

“ही मुख्य वस्तू,” शाल्मली म्हणाली. “गावातल्या खराड्यांच्या नातवानं घर पाडताना आणून दिली. त्यांच्या भिंतीतल्या फडताळात होती. तो म्हणाला, ही आमच्या पणजोबांची देवी काढायची पेटी. घरात सगळे तेच म्हणायचे. बघ, ही दोन टोकांची सुई. दोन टोकांच्या मध्ये रंगाचा थेंब अडकतो आणि अगदी बारीक रेघ येते. हा स्पिरिटचा दिवा, डिंक पातळ करायला असणार. आणि लाखेनं तोंड बंद केलेली काचेची नळी होती, तिच्यात कावेचे तुकडे. अस्सल, तेव्हाचे. पितृपंधरवड्याच्या सुरुवातीला नळी फोडली, तुकडे इथं केबिनमध्ये बसून खलात कुटले, डिंकात कालवले आणि त्याच सुईनं ही देवी काढली. त्याच पेटीनं काढलेली देवी, आई. कुठल्या संग्रहालयात बघायला मिळेल तुला?”

मी ऐकलं. मला काडीचंही खटकलं नाही. समोर देवी काढलेली होती, शेजारी देवी काढायची पेटी होती.

“नाक जरा बसकं आलंय,” मी म्हटलं.

“तू म्हणजे ना, आई.”

तेवढ्यात हवावाचकावरचा हिरवा दिवा लाल झाला. आवाज वगैरे काही नाही, नुसता दिवा. मागं दालनाच्या दाराला आपोआप कुलूप लागल्याचा खटका ऐकू आला. भिंतीवरचा पडदा उजळला आणि त्यावर एक तरुण बाई दिसली, डोक्याला स्कार्फ, गळ्यात ओळखपत्र.

“वडगाव संग्रहालय? मी डॉक्टर शिकलगार, पुण्याच्या हवा-कक्षातून. आत कोण कोण आहे?”

“केबिनमध्ये मी. दालनात एक व्हिजिटर,” शाल्मली म्हणाली.

“व्हिजिटर कसली, आई आहे मी तिची. काय झालं? साथ सापडली का?”

“साथ नाही.” डॉक्टरीणबाई खाली कुठंतरी बघत होत्या. परत परत बघत होत्या. “दालनाची हवा स्वच्छ आहे. लाल आलीय ती केबिनची. यंत्र व्हेरिओला म्हणतंय. मला स्वतःला वाटतं यंत्र चुकतंय, कारण हा रोग जगात शिल्लकच नाही. मी पाहिलेला नाही, माझ्या शिक्षकांनी पाहिलेला नाही.”

“डॉक्टर, मला समजेल असं सांगा.”

“स्मॉलपॉक्स, काकू. मराठीत देवी.”

मी भिंतीकडं बघितलं, मग त्या डब्याकडं, मग परत भिंतीकडं. अठरा हातांची ती बया माझ्याकडं बघत होती आणि माझ्या कानात माझ्या आईचा आवाज आला. गावात देवी काढणारा आलाय गं, पोरी कुठं लपल्यात बघ. आम्ही कणगीमागं दडायचो. देवी काढणं म्हणजे चित्र काढणं नव्हे. देवी काढणं म्हणजे देवीची लस टोचणं. टोचणाऱ्याला लोक देवी डॉक्टर म्हणायचे. रोग गेला, लस गेली, पाठोपाठ तो शब्दही गेला, आणि आमच्याकडं देवी काढायची म्हणजे फक्त भिंतीवरची उरली.

“शाले,” मी म्हणाले, “ती रंगाची पेटी नाही. लस टोचायची पेटी आहे ती. खराड्यांचा पणजा देवी डॉक्टर असणार.”

तिला कळायला वेळ लागला. मला तिच्या चेहऱ्यावर ते कळताना दिसलं, आणि असं कुणाच्याही चेहऱ्यावर बघायची वेळ माझ्या वैऱ्यावरही येऊ नये.

“मग नळीत काय होतं?” तिनं विचारलं. मला नाही, पडद्याकडं बघून.

डॉक्टर शिकलगारांनी सगळी हकीकत दोनदा सांगायला लावली. नळी कसली, लाख कसली, तुकडे केवढाले, रंग कसा. मग म्हणाल्या, “शेवटच्या काळात हे टोचणारे लोक नुसते टोचायचे नाहीत. कुठं रोगी सापडला तर त्याच्या फोडांवरच्या खपल्या गोळा करून नळीत घालायचे, प्रयोगशाळेत पाठवायला. ही एक नळी पाठवायची राहून गेली असावी.”

“खपल्या,” शाल्मली म्हणाली. “मी खलात कुटल्या. पोत बघायला बोटांवर चोळल्या. वास घेतला.” तिनं दोन्ही हात अंगापासून लांब धरले होते. “डॉक्टर, मी माणसाच्या खपल्यांनी देवी काढली.”

मला पुढं धावायचं होतं. मी गोल सोडला, काचेपर्यंत गेले. तुप्याचे नियम गेले खड्ड्यात.

“काकू, थांबा. दोघीही आधी ऐका,” डॉक्टर म्हणाल्या. आवाज शांत होता, पण त्या स्वतःलाही समजावत होत्या असं मला वाटलं. “यंत्रानं नाव वाचलंय. पण ते मेलेल्याचंही वाचतं आणि जिवंताचंही. डीएनए फार टिकाऊ, शेकडो वर्षं राहतो. केबिनमध्ये कुटलंत, म्हणजे बारीक धूळ तिथंच कुठंतरी बसलेली असणार. पंखा लागला, उडाली, यंत्रानं वाचली. मेलेल्या विषाणूची धूळ. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा विषाणू काही महिन्यांत मरतो.”

“आणि नसेल मेला तर?” मी विचारलं.

“लाखेनं बंद केलेली नळी, अंधार, जाड भिंतीतलं फडताळ. इतक्या वर्षांनी काय होतं हे कुणी तपासलेलं नाही, कारण तपासायची परवानगीच कुणाला नाही. पण आपल्याला कळू शकतं. असं बघा, डीएनए म्हणजे कपाटातलं पाककृतींचं पुस्तक. घरात कुणी नसलं तरी पुस्तक पडून राहतं. पण विषाणू जिवंत माणसाच्या शरीरात शिरून वाढायला लागला, की तो पुस्तकावरून स्वयंपाक सुरू करतो. त्याच्या चिठ्ठ्या निघतात, त्याला आरएनए म्हणतात. त्या चिठ्ठ्या लगेच विरून जातात. फोडणीचा वास आला म्हणजे आत्ता कुणीतरी स्वयंपाक करतंय, तसं. मी यंत्राला दुसऱ्या फेरीत फक्त फोडणी शोधायला सांगते. जरा वेळ लागेल. फोडणी नसेल तर फक्त धूळ आहे, आणि आपण सगळे घरी जाऊ.”

“मला ताप नाही,” शाल्मली पटकन म्हणाली.

“गोळी घेतलीय तिनं,” मी सांगितलं. “परवापासून कणकण आहे आणि पाठ दुखतेय. लपवू नकोस गं.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग मला म्हणाल्या, “काकू, तुम्ही तिच्या हवेत कधीच नव्हता. दालन हिरवं आहे. मी बाहेरचं दार उघडते, तुम्ही घरी जा.”

खटका झाला, दार उघडलं. बाहेर उन्हात तुपे उभा होता, दहा हात लांब. “वहिनी, या बाहेर,” तो म्हणाला. “या लवकर.” त्याला काय कळलं होतं देव जाणे, पण रडवेला झाला होता बिचारा.

“तुपे, दार लोटून घ्या,” मी म्हणाले.

दार लागलं. मी काचेला टेकून फरशीवर बसले. पलीकडं तीही बसली, पाठीला पाठ लावून. मध्ये बोटभर जाडीची काच. थंडगार होती.

“आई, तू गेली असतीस तर बरं झालं असतं.”

“हो का? घरी जाऊन काय करू, भिंती बघू?”

“मला भीती वाटतेय.”

“मलापण वाटतेय,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलू. “पण धूळच असणार ती. डॉक्टर म्हणाल्या ना. कित्येक उन्हाळे गेले त्यावरून.”

“तू सांगत होतीस तसं पार्लर बघितलं असतं तर.”

“पार्लर बंदच आहे. माशा मारत बसली असतीस माझ्यासोबत.” मग म्हटलं, आता नाही तर कधी बोलणार. “शाले, तुझं प्रदर्शन फार छान झालंय. त्या पानाच्या तबकांपाशी मला तुझा अभिमान वाटत होता. बोलले नाही इतकंच.”

“नाक बसकं आलंय म्हणालीस.”

“आलंयच.”

माईकमधून ती हसली, मग खोकली. मग आम्ही बाहेर पडल्यावर काय करायचं ते ठरवत बसलो. तिला भरल्या वांग्याचं जेवण हवं होतं. माझ्या हातानं केसांना तेल लावून हवं होतं. दिवाळीपर्यंत घरीच राहीन म्हणाली. मी म्हटलं दिवाळीनंतरही राहा, मला काही जड नाहीस. असं बोलता बोलता भीती खरंच ओसरत गेली. माणूस किती लवकर विसरतं बघा. मी मनातल्या मनात वांग्यांना चिरा पाडायलाही लागले होते.

पडदा परत उजळला. डॉक्टर शिकलगार आता बसलेल्या नव्हत्या, उभ्या होत्या. त्यांच्या मागं आणखी माणसं होती.

मी उठले. मला विचारायची गरजच पडली नाही, पण शाल्मलीनं विचारलं. “धूळ आहे ना?”

“नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “चिठ्ठ्या सापडल्या. पुष्कळ. धुळीत त्या नसतात. यंत्रानं तुमचा श्वास वाचलाय, शाल्मली.”

कुणीतरी माझ्या कानांत बोळे घातल्यासारखं झालं. डॉक्टर पुढं बोलत होत्या आणि मला त्यातलं तुटक तुटकच ऐकू येत होतं. पथक निघालंय, यायला संध्याकाळ होईल. औषध आहे, लस आहे, थोडी आहे पण आहे. जगात आज या घडीला या रोगाची एकच रोगी आहे, आणि ती त्या काचेआड आहे. बाहेर एक कण जाता कामा नये. ज्यांना लहानपणी लस मिळाली तेवढेच लोक थोडेफार सुरक्षित, आणि त्यातला धाकट्यातला धाकटासुद्धा आता साठीला टेकलाय. पथकात असे कोण आहेत ते शोधणं चाललंय.

“शोधू नका,” मी म्हणाले.

पोलक्याची बाही वर केली आणि दंड पडद्यासमोर धरला. दोन गोल वण, चवलीच्या नाण्याएवढे. माझ्या वयाच्या सगळ्या बायकांच्या दंडावर असतात. बिनबाह्यांचं पोलकं घालायचं असलं की त्या माझ्याकडं येऊन विचारायच्या, हे जातील का हो. मी म्हणायचे, नाही जायचे.

“काकू, इतक्या जुन्या लसीची मी खात्री देणार नाही. कदाचित जीव वाचेल. कदाचित तेही नाही.”

“मी मागितली का खात्री? दार कसं उघडतं ते सांगा.”

“ते दार उघडलंत की दालनही लाल होईल. बाहेरचं दार बंद होईल आणि मी ते उघडणार नाही. तुम्हाला निघता येणार नाही.”

“हरकत नाही.”

मी काचेच्या दाराशी पोचायच्या आत पलीकडून कडी पडली. शाल्मलीनं घातली. कडीवर दोन्ही हात दाबून उभी राहिली.

“नाही, आई.”

“कडी काढ.”

“नाही काढणार. डॉक्टर, हिला बाहेर न्या. माझ्यामुळं हिला काही झालं तर...”

“संध्याकाळपर्यंत तू एकटी बसणार आत? तापानं फणफणलीयेस. पाणी कोण देणार तुला?”

“मी घेईन.”

मी वर पडद्याकडं बघितलं तर डॉक्टरांनी चेहरा एका बाजूला वळवला होता. नियमानं त्यांनी मला अडवायला हवं होतं बहुतेक. अडवलं नाही, एवढं खरं.

शाल्मली घामानं निथळत होती. कडीवरचा एक हात काढून तिनं कपाळावरचे केस मागं सारले आणि अगदी काचेशी आली, शाळेत जाताना टिकली सरळ आहे का विचारायला यायची तशी.

“आई, माझ्या चेहऱ्यावर काही दिसतंय का गं? आरसा मागच्या खोलीत आहे. माझी जायची हिंमत होत नाही.”

मी बघितलं. कपाळावर, केसांच्या कडेनं, तांबडे ठिपके उठले होते, आणि बोलायला तिनं तोंड उघडलं तेव्हा जिभेवरही दिसले. सगळा जन्म मी बायकांच्या कातडीत घालवलाय. मुरूम, घामोळं, पित्त, गोवर, सगळं बोट न लावता ओळखते. हे त्यातलं काही नव्हतं. तिला ते कळलं असतं तर तिनं मला मरेपर्यंत आत घेतलं नसतं.

“काही नाही,” मी म्हणाले. “तापानं लाल झालीयेस नुसती.”

“खरं?”

“खरं.”

“माझी शपथ?”

जन्मात मी तिची खोटी शपथ घेतली नव्हती. तिच्या लहानपणी शेजारणीनं एकदा सहज घेतली, तर मी तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

“तुझी शपथ,” मी म्हणाले. गळ्याला हात लावून म्हणाले.

तिनं कडी काढली.